स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने: घोटघोट पाणी, उठाबशा आणि पर्वतीच्या पायऱ्या

गेल्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो होते. आज दहा महिन्यांनी वजन ७८ किलो आहे. शस्त्रक्रियेचा खर्च, विमा आणि आधीचे-नंतरचे फोटो यांविषयी मला भरपूर वाचायला मिळाले होते, परंतु घरी आल्यावर शरीर पुन्हा कामाला आणि व्यायामाला कसे लावायचे याविषयी फार थोडे हाती लागले, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहीत आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच परिचारिकेने मला उठवून चालवले. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी हे चालणे असते, त्यामुळे घरी आल्यावरही दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या होत्या. चालण्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो माझ्याच आगाऊपणामुळे. सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक काही उचलायचे नाही, असे बजावलेले असताना चौथ्या आठवड्यात घरी कोणी नाही म्हणून मी भरलेला गॅस सिलिंडर ओढला. तो सगळा मिळून तीस किलोंच्या आसपास असतो. बाहेरचे टाके भरून आले म्हणजे आतलेही भरून आले, अशी माझी समजूत होती. पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या एका छिद्रापाशी दोन दिवस ठणका लागला. तपासणीत हर्निया निघाला नाही, हे नशीब.

पाचव्या आठवड्यात मी शाळेत रुजू झाले. मी शिक्षिका आहे आणि सलग तास उभ्याने घ्यायची सवय आहे, तरी उभे राहण्यापेक्षा अवघड गेले ते पाणी. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती अरुंद नळी; तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी घटाघटा पिणे शक्यच नसते. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट प्यायचे, तेही जेवणासोबत नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, हा हिशोब बसवताना माझे सगळे वेळापत्रक बदलले. पूर्वी मी फिरून आल्यावर पाणी पीत असे. आता फिरायला निघण्याच्या तासभर आधीपासून घोट घेत बसते, कारण घामातून गेलेले पाणी नंतर एकदम भरून काढता येत नाही. भुकेचेही तसेच. भूक चेतवणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग काढलेला असतो. त्यामुळे पहिले काही महिने मला भूक लागतच नव्हती, आणि घड्याळ पाहून खाल्ले नाही तर व्यायाम उपाशीपोटी होत असे.

तिसऱ्या महिन्यात पर्वती चढायला सुरुवात केली. पायऱ्या १०३ आहेत. पूर्वी मी त्या पाच ठिकाणी बसत चढत असे. एके सकाळी अर्ध्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी कमी पडले असेल असे मी धरून चालले होते, परंतु रक्तदाब मोजला तेव्हा तो ९६/६० निघाला. वजन उतरले तसा रक्तदाबही उतरला होता आणि मी मात्र ११२ किलो वजनाच्या बाईची गोळी घेत होते. डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली आणि पुढे गोळी बंद केली. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी मात्रा तपासून घ्यावी. गोळी स्वतःच्या मनाने मात्र सोडू नये.

सर्वांत मोठी चूक मला जानेवारीत कळली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसले आणि हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना. तोवर चौदा किलो उतरले होते. हलके झालेले शरीर उचलणे सोपे जायला हवे होते. फिजिओथेरपिस्टने उलगडा केला की इतक्या वेगाने वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि प्रथिने व स्नायूंवर भार या दोन्हींवाचून ते टिकत नाहीत. मी फक्त चालत होते. त्यानंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने ठरवून घेऊ लागले: अंडी, पनीर, घट्ट वरण, आणि उरलेली भर व्हे पावडरची. व्यायामात खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीवर जोर, एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या आणि रबरी बँड एवढेच होते. एप्रिलमध्ये पूर्ण उठाबशा जमू लागल्या. त्या काळात तीन आठवडे काटा हलला नाही, पण ब्लाउज मात्र दोनदा आत घ्यावे लागले.

मध्यंतरी एका जिममध्येही गेले. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी पोटाचे व्यायाम देऊन ‘लोंबणारी कातडी आत जाईल’ असे सांगितले. कातडी व्यायामाने आत जात नाही. चालताना मांड्यांची आणि पोटाखालची कातडी घासते, पावसाळ्यात तिथे पुरळ येते. घट्ट लेगिंग आणि कोरडेपणा यांनी ते आटोक्यात राहते. केस चौथ्या महिन्यात मुठीने गळले आणि आठव्यात थांबले.

सूर्यनमस्कार अजून जमत नाहीत. पुढे वाकले की आंबट पाणी वर येते. स्लीव्हनंतर अनेकांना हा त्रास होतो हे मला आधी सांगितले होते, पण मी ते मनावर घेतले नव्हते. खाल्ल्यानंतर दोन तास थांबूनही जळजळते, त्यामुळे मी ताडासन, वीरभद्रासन अशी उभ्याची आसने करते आणि आम्ल कमी करणारी गोळी अजून चालू आहे.

पर्वती आता न थांबता चढते. उतरताना मात्र गुडघे कुरकुरतात, आणि सिंहगड अजून बाकी राहिला आहे तो चढणीच्या नव्हे, उतरणीच्या भीतीने.