बॅलास्टचं पाणी: यूव्ही की क्लोरीन?

जहाज तोल सांभाळायला एका बंदरात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं, तेच बॅलास्टचं पाणी. त्यातले जीव यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी मारायचे की क्लोरीनने? जहाजावर इंजिनीअर असलेल्या मिरजेच्या भाच्याला हाच प्रश्न पडलाय. ब्रोशर बाजूला ठेव म्हटलं. नियम दोन्हींना एकच: ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव सोडलेल्या पाण्यात घनमीटरला १० पेक्षा कमी. नाहीतर परमुलखातले शिंपले इथल्या बंदरात ठाण मांडतात.

खरी मेख पाण्यात आहे. गढूळ पाण्यात यूव्ही किरण पुढे सरकतच नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णा बघ, म्हणजे कळेल. समुद्राच्या पाण्यापासूनच क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रणेला मात्र मीठ लागतं, गोड्या पाण्यात ती अडते. शिवाय पाणी सोडण्याआधी उरलेला क्लोरीन निष्प्रभ करायचा.

यूव्हीला वीज जास्त, दिवे बदलायचे, काचेच्या नळीवरचा थर काढायचा. रसायनाची कटकट नाही.

लहान जहाज, स्वच्छ पाणी असेल तर यूव्ही. मोठ्या टँकरला, खाऱ्या बंदरांत, क्लोरीनच.