कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के : डाळिंबाच्या तेल्यावर कितपत चालतं?

तेल्या म्हणजे डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग. त्यावर या तांब्याच्या पावडरीला पाचपैकी साडेतीन गुण. ५०० ग्रॅमची पुडी २०० लिटरच्या बॅरलला बरोबर बसते, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम; मोजायची कटकट नाही.

पण पानावर तेलकट डाग दिसल्यावर पुडी आणली तर पैसे पाण्यात. हे स्पर्शजन्य आहे, पानाच्या आत शिरत नाही, आणि डाग दिसतो तेव्हा झँथोमोनास जिवाणू आत बसलेला असतो. छाटणी झाल्या झाल्या, पावसाच्या तोंडावर आणि गारपिटीनंतर लगेच मारलं तर उपयोग. सांगोला-पंढरपूरकडे मृग बहार (जून-जुलैत फुलोरा) धरणाऱ्याला फवारण्या जास्त लागणार, कारण फळं ऐन पावसात असतात. थेंब उडाला की रोग शेजारच्या झाडावर. हस्त बहाराला (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) तेवढा त्रास नाही.

बॅरलमध्ये पुडी थेट ओतू नका, गुठळ्या होतात. आधी बादलीत चार-पाच लिटर पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा, मग बॅरलमध्ये सोडा. फवारणी चालू असताना काठीने ढवळत राहा. पावडर तळाला बसते, नोझल तुंबतो आणि शेवटच्या ओळींना दाट द्रावण जातं. फोसेटिल हे बुरशीनाशक किंवा कुठलंही आम्लधर्मी औषध यात मिसळलं की तांबं जास्त विरघळतं आणि कोवळी पानं करपतात. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी नाही. काढणीजवळ मारलं तर फळावर निळसर डाग राहतात, भाव पडतो.

छाटणीची कात्री मात्र पुडीच्या भरवशावर सोडू नका. दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवली नाही तर फवारणी करून काही उपयोग नाही. रोगट बागेतली गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आणली तर रोग लागवडीबरोबरच आला.

कोकणातल्या पाहुण्यांनी भाताच्या कडा करप्यासाठी विचारलं तर ही पुडी सुचवू नका. तोही झँथोमोनासच, पण पानाच्या कडेच्या छिद्रांतून थेट पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरतो. तिथे प्रतिकारक वाण आणि युरियाला आवर हेच खरं. खात्रीसाठी करपलेल्या पानाचा ताजा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरायचा; जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून दुधट धार खाली उतरते.

घेताना पुडी हलवून बघा. आत खडे लागले तर ओल धरलीय, परत द्या. बॅच नंबरासकट पक्कं बिल मागा.