मैदानावरचा कॅमेरा : स्पर्धा, मॅरेथॉन की अकादमी? विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी

कॉलेज सांभाळून खेळांचे फोटो काढायचे आणि त्यातून कमवायचं असं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ त्याआधी ठरवायचं ते हे, की पैसे कोण देणार. स्पर्धेचा आयोजक, मॅरेथॉनचे फोटो विकणारी कंपनी, की खेळणाऱ्या मुलांचे पालक? तिन्ही कामांना लेन्स वेगळी लागते, वेळ वेगळा जातो आणि पैसे हातात पडायची तऱ्हाही वेगळी आहे. वृत्तपत्राची चौथी वाट आहे, पण जिल्हा पानासाठी बाहेरच्या छायाचित्रकाराला मिळणारं मानधन इतकं थोडं असतं की ती ओळख वाढवण्यापुरतीच धरावी. आणि वानखेडेच्या सीमारेषेवर बसायचं तर एखाद्या माध्यमसंस्थेमार्फत मिळालेलं अधिकृत ओळखपत्र हवं, तिकीट काढून मोठी लेन्स आत नेता येत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. हाताशी साधा कॅमेरा आणि बेताचे पैसे असतील तर पहिलं वर्ष अकादमी आणि पालकांवर उभं करा. स्थानिक स्पर्धा निवडून घ्या, आणि मॅरेथॉनचं काम हात बसवण्यासाठी करा.

स्थानिक स्पर्धा : काम दिसतं, पैसे अडकतात

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. टेनिस क्रिकेट, कबड्डी, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरचा पेठापेठांचा फुटबॉल. गर्दी असते, जोश असतो, आणि इथला एक चांगला फोटो संध्याकाळपर्यंत शंभर स्टेटसवर फिरतो. नाव व्हायला याहून जलद जागा नाही.

नवखा इथे हमखास चुकतो ते आयोजकाला काय हवं आहे हे न ओळखल्यामुळे. तुम्ही हवेत झेपावलेल्या क्षेत्ररक्षकाचा फोटो घेऊन खूश असता; मंडळाला हवा असतो नाणेफेकीचा, पाहुण्यांच्या सत्काराचा, प्रायोजकाच्या बॅनरसमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांचा आणि चषक उंचावतानाचा. बक्षीस समारंभात सगळे एकाच वेळी मंचावर चढतात, समोर मोबाईलची भिंत उभी राहते. म्हणून शेवटच्या षटकाआधीच मंचासमोरची जागा धरा, वाइड लेन्स लावून ठेवा, फ्लॅशचे सेल बदला. विजेत्या संघाचा एक फोटो दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून आडवा काढा. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापायला तोच मागितला जातो, आणि त्याचे वेगळे पैसे घेता येतात.

पैशांचं म्हणाल तर मंडळाचा खर्च मंडप, दिवे, बक्षिसं आणि यूट्यूब लाइव्हवर आधी होतो, फोटोवाल्याचा नंबर शेवटी. अंतिम सामना संपला की हिशेबाची वही मिटते. निम्मी रक्कम तारीख धरतानाच यूपीआयने घ्या, उरलेली अंतिम सामन्याच्या आधी. ‘फोटो दिल्यावर देतो’ हे मान्य केलं की वसुलीची फेरी तुमच्या गळ्यात पडली.

कबड्डीला उजेड हवा, क्रिकेटला पल्ला

दोन्ही खेळांना एकच महागडी लेन्स लागते हा समज खरा नाही. पुरुषांचं कबड्डी मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे मध्यरेषेपासून अंतिम रेषा साडेसहा मीटरवर. चढाईपटूचा चेहरा हवा तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेच्या कोपऱ्याबाहेर दोन-तीन मीटरवर जमिनीवर बसायचं. चढाईपटू निदान रेषा (मध्यरेषा आणि अंतिम रेषा यांच्या मधली रेषा) ओलांडून आत आला की तो तुमच्यापासून जेमतेम पाच-सहा मीटरवर असतो. एवढ्या अंतराला ८५ मिमी एफ १.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स पुरते. (मिमीचा आकडा मोठा तेवढा लेन्सचा पल्ला लांब; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो.) बाजूने बसलात तर पाठी आणि कोपरच जास्त मिळतात.

अडचण येते दिव्यांची. गावातल्या दिव्यांखाली शटर १/१००० सेकंदच उघडं ठेवायचं असेल तर एफ २.८ वर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० च्या आसपास न्यावा लागतो. एफ १.८ वर तेच २५०० ला भागतं. आणि ५५-२५० मिमीसारख्या झूम लेन्सवर, जी झूम केल्यावर एफ ५.६ वर येते, तोच फोटो २५,६०० मागतो. म्हणजे चेहऱ्यावर दाणे आणि रंगांचा चिखल. पकडीच्या क्षणी १/५०० पेक्षा खाली उतरलात तर हात-पाय पुसट येतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सलग काढलेल्या दहा फोटोंपैकी तीन पिवळट, दोन काळपट असं झालं तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. मेनूतला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करा. वेग थोडा घटेल, पण उजेड सारखा येईल. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे पडदा न हलवता आवाजाविना फोटो घ्यायची सोय, बंदच ठेवा. त्याने दिव्यांचे पट्टे उमटतात आणि क्रिकेटमध्ये फिरणारी बॅट वाकडी दिसते.

क्रिकेटचं गणित उलटं. सीमारेषेवरून फलंदाज ६० मीटर दूर धरला तर क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमहून लहान सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २५० मिमीने तो आडव्या चौकटीच्या साधारण निम्म्या उंचीचा येतो. दिवसा उन्हात हे छान चालतं, १/२००० ठेवा. कोल्हापूरचे दुपारचे फुटबॉल सामनेही याच स्वस्त लेन्सवर निघतात. रात्रीचं टेनिस क्रिकेट मात्र या लेन्सने घेऊ नका. त्याला ७०-२०० एफ २.८ भाड्याने आणा, आणि भाडं परवडत नसेल तर ते काम सोडा.

मॅरेथॉन : पैसे ठरलेले, फोटो तुमचे नाहीत

फोटो कंपनी सकाळचे ठरावीक पैसे देते, जागा नेमून देते आणि शर्यत संपल्यावर फाइली उतरवून घेते. विक्री, ग्राहक, तक्रारी यांतलं काही तुमच्याकडे नसतं. रविवारची पहाट गेली तरी सोमवारचं लेक्चर बुडत नाही, ही विद्यार्थ्यासाठी मोठी सोय आहे. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, पुण्याची डिसेंबरात, साताऱ्याची हिल हाफ पावसाळा सरता सरता; कबड्डी-क्रिकेटची मैदानं ओली असतानाही शर्यती सुरू झालेल्या असतात.

या कामात कला कमी आणि शिस्त जास्त. धावपटू आपला फोटो शोधतो तो छातीवरच्या बिब क्रमांकाने किंवा चेहऱ्याने. क्रमांक हाताआड गेला, जाकिटाखाली झाकला गेला तर तो फोटो विकला जाणार नाही. कॅमेरा उभा धरा, छातीच्या उंचीवर या, माणशी दोन-तीनच फ्रेम घ्या. घोळका आला की कॅमेरा पुढच्याला धरतो आणि मागचे चार पुसट होतात, म्हणून एफ २.८ चा मोह टाळून एफ ५.६ वर जा. शटर १/८०० च्या वर.

घरून निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदासकट मोबाईलशी जुळवा. क्रमांक दिसत नसलेला फोटो कंपनी धावपटूची वेळ नोंदवणाऱ्या चिपवरून शोधू शकते. घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर तोही मार्ग बंद, आणि पुढच्या वेळी तुम्हाला बोलावणंही. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो आणि पूर्ण मॅरेथॉनचे धावपटू त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर असतात. पहिल्या दोन तासांसाठी फ्लॅश, चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच आणि स्टँड लागतो. फ्लॅश बाजूने, तिरका ठेवा. समोरून डोळ्यांवर मारलात तर माणूस डोळे मिटतो आणि फोटो वाया जातो. साताऱ्यासारख्या घाटातल्या शर्यतीत धुकं आणि रिमझिम धरूनच चला. लेन्सला हूड, कॅमेऱ्याला पावसाळी आवरण, खिशात कोरडे सुती रुमाल.

कंपनीला एक प्रश्न आधी लेखी विचारा : यातले दहा फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो का? उत्तर नाही असेल तर त्या सकाळचा फायदा पैसे आणि सराव, एवढाच.

अकादमी आणि पालक : कंटाळवाणं, पण पुन्हा पुन्हा मिळणारं

फुटबॉल, बॅडमिंटन, स्केटिंग, अॅथलेटिक्स. शहरात प्रत्येक मोठ्या मैदानावर कोणती ना कोणती अकादमी असते आणि तिच्या दर महिन्याला काही ना काही स्पर्धा असतात. समजा ४० मुलांची स्पर्धा आहे. १५ पालकांनी पाच फोटोंचा ४०० रुपयांचा संच घेतला तर ६,००० रुपये जमतात. अकादमीला २० टक्के दिले तरी ४,८०० उरतात, तेही एका सकाळीत, स्वतःच्या लेन्सवर. शेजारी तीन रात्रींची स्पर्धा ठेवून बघा : समजा ९,००० ठरले, लेन्सचं भाडं दिवसाला हजार धरलं तर ३,००० गेले, प्रवासाचे ६०० गेले. उरलेल्या ५,४०० साठी तीन जागरणं, आणि पुढचं काम पुढच्या वर्षी. अकादमी पुढच्याच महिन्यात बोलावते.

इथला खाचखळगा म्हणजे सगळ्यांत चांगला फोटो विकला जात नाही, आपल्या मुलाचा फोटो विकला जातो. मोहरा असलेल्या खेळाडूचे ऐंशी फोटो आणि राखीव मुलाचे दोन, असं झालं की दहा पालक रिकाम्या हाताने परत जातात. प्रशिक्षकाकडून जर्सी क्रमांकांची यादी घ्या, मध्यंतरात कुणाचे फोटो झालेले नाहीत ते बघा. उशिरा मैदानात उतरणाऱ्यांचे सरावातच चार-पाच काढून ठेवा. मुलं दहा वर्षांची असतील तर गुडघ्यावर बसूनच काढा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकी आणि गवत दिसतं.

विक्री त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी निम्मा उत्साह ओसरतो, बुधवारपर्यंत कुणी लिंक उघडत नाही. म्हणून छाटणी जलद हवी : पुसट, डोळे मिटलेले, चेंडू नसलेले फोटो पहिल्या फेरीत उडवा, आठशेंचे दीडशे करा, मग फक्त उजेड आणि सरळपणा सुधारा. नमुने लहान आकारात, वॉटरमार्कसह. पैसे आल्यावर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोसारखी पाठवलीत तर व्हॉट्सअॅप तिचा दर्जा घटवतं.

मुलांच्या बाबतीत कडक राहा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि संमती पालकांची धरली आहे. अकादमीची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि पासवर्ड असलेली गॅलरी, एवढं झाल्याशिवाय काम सुरू करू नका. इन्स्टाग्रामवर मुलाचं नाव, शाळा आणि चेहरा एकत्र कधीच टाकू नका. जलतरणाचं काम पहिल्या वर्षी नाकारलं तरी चालेल.

घ्यायचं काय, भाड्याने आणायचं काय

जुन्यात निकॉन डी५०० किंवा कॅनन ७डी मार्क २. दोन्ही सेकंदाला १० फोटो काढतात, दोन्हींत फ्लिकर टाळायची सोय आहे आणि दोन्हींचं शटर दोन लाख वेळांसाठी बनवलेलं आहे. विकणाऱ्याकडून शटर किती वेळा पडलं तो आकडा मागा. खेळांसाठी वापरलेला कॅमेरा दीड लाख ओलांडलेला असू शकतो. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सोडा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे फार होतं, म्हणून स्वतःची लेन्सही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. नव्यात कॅनन आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो देतो आणि फोकस डोळ्यांवर धरून ठेवतो, त्यामुळे नवख्याचे जास्त फोटो कामाचे निघतात.

लेन्समध्ये ५५-२५० आणि ८५ एफ १.८ या दोन विकत घ्या. ७०-२०० एफ २.८ भाड्यानेच, निदान सलग दोन हंगाम तिचं भाडं कामातून सुटेपर्यंत. भाड्याने घेताना तिच्या काचेचा आणि माउंटचा (कॅमेऱ्याला जोडायच्या कडीचा) व्हिडिओ दुकानातच काढून ठेवा. सोबत ६४ जीबीची दोन कार्डं. २८ एमबीची रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) धरली तर एकावर सुमारे २,२०० फोटो मावतात.

कागदपत्रं

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे. बिलावर नाव, पॅन, तारीख, कामाचा तपशील आणि खाते क्रमांक लिहा. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का ते पाहा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

हक्काची बाब बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार फोटोचा पहिला मालक छायाचित्रकार असतो, पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर मालकी त्या पैसे देणाऱ्याची. म्हणजे आयोजकाने ठरवलेल्या कामाचे फोटो कराराविना त्याचे. अकादमीत तुम्ही स्वतःहून काढून नंतर विकलेले तुमचे. तेव्हा आयोजकाला पाठवायच्या पहिल्याच व्हॉट्सअॅप संदेशात रक्कम आणि तारखेसोबत एक ओळ घाला : ‘फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, मंडळाला प्रसिद्धीसाठी वापरण्याची परवानगी राहील.’ त्यावर ‘मान्य’ असं उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट बिलासोबत जपून ठेवा.