सीएसआर की पुरस्कार? वस्तीतल्या गटाने कुठे धावायचं

मुंबईच्या गोवंडीत मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, बायका छपरावर ओली गोणपाटं टाकतात, मग छपरं थंड ठेवणाऱ्या रंगाने रंगवायच्या असल्या कामाला पैसा कुठून आणायचा? सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीत, रक्कम मोठी, मोठ्या कंपन्यांना ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात, पण २०२१ पासून पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी हवी, त्यासाठी ट्रस्टला १२ए, ८०जी या आयकर खात्याच्या नोंदण्या, आणि बचत गटाकडे हे कुठलं असायला, मग मोठ्या संस्थेच्या नावावर जायचं नि निर्णय त्यांचे.

यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) इक्वेटर प्राइझसारख्या पुरस्कारात केलेलं काम बघतात, बायकांसोबत काम करणाऱ्या स्वयम शिक्षण प्रयोग संस्थेला २०१७ ला मिळालाय, पण निसर्गाशी जोडलेलं काम लागतं आणि ते आधी पदरमोड करून उभं करायचं.

मी सीएसआर घेईन, फक्त छप्पर कुणाचं आधी रंगवायचं हे वस्तीतल्या बायकाच ठरवणार असं लेखी घेऊन.