पन्नास पिल्लं घेतली, पन्नासही नर निघाले

अंड्यांनाही चालेल आणि मांसालाही चालेल अशी कोंबडीची जात शोधत असाल, तर पिल्लं घेण्याआधी माझं एवढं वाचा. आम्ही पाच महिने खाद्य घातलं आणि एक अंडं हाती लागलं नाही.

एकाच कळपातून दोन्ही मिळावं अशी माझी इच्छा होती. माद्या अंड्यांना ठेवायच्या, नर मोठे झाले की मांसाला, आणि एखादी कोंबडी खुडूक बसली की तिच्याच खाली पुढची पिल्लं काढायची. ऱ्होड आयलंड रेड, ससेक्स, ऑस्ट्रलॉर्प यांच्याबद्दल वाचून झालं होतं. शेवटी पांढरी प्लायमाउथ रॉक मनात भरली. स्वभावाने शांत, आणि पिसं पांढरी असल्यामुळे सोलल्यावर अंग स्वच्छ दिसतं.

विकणारा फोनवर म्हणाला, “वर्षाला तीनशे अंडी, आणि नर दहा आठवड्यांत तीन किलो.” मी तिथेच फोन ठेवायला हवा होता. भरपूर अंडी देणारी कोंबडी खाल्लेलं अंड्यात घालते, झपाट्याने वाढणारी अंगावर घेते. दोन्ही कामांची जात मधली असते. साधारण दोनशेच्या आसपास अंडी, आणि नर कापण्याजोगे व्हायला सोळा ते वीस आठवडे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होतो, पण त्याची पैदासच त्यासाठी केलेली असते. हे मला माहीत होतं, तरी त्याच्या बोलण्यातल्या खात्रीने मी भुललो.

पिल्लं आली ती पिवळीधमक, चपळ. नर-मादी न निवडता मिसळून दिली आहेत, निम्म्या माद्या निघतील, मरेक्सची (कोंबड्यांना लुळं करून मारणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लसही दिली आहे, असं सांगितलं. पांढऱ्या प्लायमाउथ रॉकची पिल्लं पिवळसरच असतात, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती.

सहाव्या आठवड्यात तुरे लाल व्हायला लागले. एक-दोघांचे नव्हेत, सगळ्यांचेच. मी रोज सकाळी खुराड्याशी उभा राहून एखादा फिका, बारीक तुरा दिसतो का ते शोधायचो. बाराव्या आठवड्यात मानेवरची आणि शेपटीच्या बुडाची पिसं लांब, टोकदार, चकाकती झाली. खांद्यांवर तांबूस डाग उमटले. मग एक आरवला, आणि आठवड्याभरात सगळं खुराडं आरवायला लागलं. दहा माद्या जरी निघाल्या असत्या तरी मी नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. पन्नासात एकही नाही, हा योगायोग नव्हे.

उलगडा पशुवैद्यांनी केला, तोही त्या तांबूस डागांवरून. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित लेअर कोंबड्यांची पैदास करताना बहुधा लाल कोंबडा आणि पांढऱ्या पिसांची कोंबडी वापरतात. आईचं पांढरेपणाचं जनुक फक्त नर पिल्लांकडे जातं. म्हणून अंड्यातून निघतानाच माद्या तांबूस आणि नर पिवळे दिसतात, रंगावरून लगेच वेगळे करता येतात. माद्या लेअर फार्मला जातात. नर अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत, म्हणून हॅचरीला नकोसे असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारले जातात. (जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली.) हीच नकोशी पिल्लं उचलून पांढऱ्या जातीच्या नावाने आम्हाला विकली होती.

पाचव्या महिन्यात एकाला हातात धरून पोटाखाली बोटं घातली, तर छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलंच नव्हतं. त्याआधी चार पक्षी एक पाय पुढे, एक पाय मागे पसरून पडले आणि गेले. तो मरेक्सच होता. टाकायच्या पिल्लांना लस कोण देणार? या चौघांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण लस दिली आहे या भरवशावर मी निर्धास्त राहिलो.

तुम्ही पिल्लं घ्याल तेव्हा त्यांचे आई-बाप पाहायला मागा. कोंबडा आणि कोंबड्या दोन्ही, जिवंत, त्याच जागी. जो जात सांभाळतो तो आनंदाने दाखवतो. फोटोवर भागवू नका. दाखवलेला कोंबडा लाल आणि कोंबड्या पांढऱ्या असतील, तर ती शुद्ध जात नाही. अशा संकराच्या माद्या अंडी छान देतील, पण त्यांच्या पिल्लांत तेच गुण उतरत नाहीत, म्हणजे घरची पैदास करायचा बेत सोडावा लागेल. लसीची नोंद लेखी घ्या, कारण मरेक्सची लस पहिल्या दिवशीच द्यायची असते, नंतर चूक भरून काढता येत नाही. आणि पिल्लं हातात आल्यावर सगळ्यांचा रंग एकसारखा पिवळा दिसला तर विचारा, यांच्या तांबूस बहिणी कुठे गेल्या?

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. त्याने मला पाठवला होता तो फोटो मात्र परवा एका ओळखीच्या ताईंकडे दुसऱ्याच नंबरवरून आला. धष्टपुष्ट पांढरी कोंबडी, भोवती पिवळी पिल्लं, आणि खाली तेच शब्द: तीनशे अंडी, तीन किलो.