कॅलिफोर्नियाची पोलीस प्रमाणपत्र यादी: उपयोगी, पण नीट वाचायला हवी

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या सेनेट बिल २ या कायद्यामुळे कॅलिफोर्नियाच्या 'पोस्ट' (पोलिसांचे निकष आणि प्रशिक्षण ठरवणाऱ्या) आयोगाला गैरवर्तन करणाऱ्या पोलिसाचे प्रमाणपत्र काढून घेता येते. प्रमाणपत्र गेले की राज्यात पोलिसाची नोकरी संपली. पूर्वी एका खात्याने हाकललेला माणूस शेजारच्या खात्यात सहज रुजू होई, म्हणून ही मोठी गोष्ट आहे.

आयोगाच्या संकेतस्थळावरची कारवाईची यादी कुणालाही फुकट पाहता येते. नाव आणि खाते पाहून झाले की कारवाईच्या रकान्यावर थांबा. 'तात्पुरते निलंबन' म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. अटक झाली तरी ते होऊ शकते. 'रद्द' हा शेवटचा निकाल. नाव सापडले नाही म्हणून कोरी पाटी समजू नका, प्रलंबित तक्रारी इथे दिसत नाहीत.

तक्रार थेट आयोगाकडेही करता येते. तारीख, ठिकाण, बिल्ला क्रमांक आणि कायद्यातल्या गंभीर गैरवर्तनाच्या ९ प्रकारांपैकी (खोटेपणा, अतिरेकी बळ, पक्षपात वगैरे) कोणता, हे स्पष्ट लिहा. नुसता उद्धटपणा सहसा यात बसत नाही. खरी उणीव वेगळीच आहे: पहिला तपास बहुधा त्याच पोलिसाचे खाते करते, त्यामुळे तिथेच महिने जातात.