रोज सायकल की चार दिवस पळणं? सकाळचा एकच तास हातात असलेल्या आईबापांसाठी

ऑफिसातल्या एका मित्राने परवा विचारलं, धाकटं पोरगं शाळेला जायला लागलंय, आता सकाळी तास-सव्वातास मिळतोय, तर सायकल घेऊ का पळायला लागू, आणि तू दोन्ही कसं काय जमवतोस. चहा होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण मुद्द्याची गोष्ट राहूनच गेली म्हणून सविस्तर लिहितोय. त्याच्यासारखे अजून बरेच जण असतील.

मी दोन्ही करतो. पहिली दोन वर्षं सायकल रोज आणि पळणं फक्त रविवारी असं होतं. गेलं दीड वर्ष ते उलटं झालंय, आठवड्यातून चार दिवस पळतो आणि सायकल ऑफिसला जायला-यायला, दळण आणायला, मुलाला सोडायला. म्हणजे सायकल सुटलेली नाही, फक्त पहाटेचा तास तिच्याकडून काढून पळण्याला दिला. का दिला ते पुढे येईलच.

आधी घरचं गणित सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. राहतो जुळे सोलापूरला. बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे, ती पावणेसातला घराबाहेर पडते. मुलगी चौथीत, तिची व्हॅन सातला. मुलगा मोठ्या गटात, त्याला साडेआठला सोडायचं. आई आमच्याकडेच असते म्हणून पोरं झोपलेली असताना मला निघता तरी येतं, पण तिचे गुडघे दुखतात, दोन मजले उतरून व्हॅनपर्यंत जाणं तिला जमत नाही. तेव्हा मी सव्वापाचला निघालो की साडेसहाला घरात पाहिजेच. साडेसहा म्हणजे साडेसहा.

आता तब्येतीच्या बाजूने बघायचं तर दोन्हीत हरण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा जोराचा असेल तर ७५ ते १५० मिनिटं, आणि सायकलने काय किंवा पळण्याने काय, ते होऊन जातं. कॅलरीचा ढोबळ हिशोब पळणाऱ्यांना माहीतच असतो, जेवढं वजन तेवढ्या कॅलरी दर किलोमीटरला. माझं वजन ७२, सात किलोमीटर पळालो की पाचशेच्या आसपास. सायकलवर तेवढ्याच जाळायच्या तर माझ्या अंदाजाने तिप्पट अंतर मारावं लागतं, म्हणजे वीस-एकवीस किलोमीटर, त्याला मला तास लागतो. पळून तेच पाऊण तासात होतं. पंधरा मिनिटांचा फरक लग्नाआधी काहीच वाटला नसता, आता त्या पंधरा मिनिटांत एक डबा भरून होतो आणि एक वेणी घालून होते.

सांध्यांचं मात्र सायकलच्या बाजूने आहे हे मान्य करायला पाहिजे. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, सायकलवर तसं काही नाही. ज्यांचं वजन खूप आहे किंवा गुडघा आधीच कुरकुरतोय त्यांनी सरळ सायकलपासून सुरुवात करावी, यात मला शंका नाही. उलट बाजू अशी की हाडांना तो भार हवाच असतो, नुसती सायकल मारून हाडं बळकट होत नाहीत. चाळिशीच्या जवळ आल्यावर मी याचा जरा जास्त विचार करतो.

इथे एक गोष्ट नक्की सांगतो, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. रोज सायकल मारणारा माणूस पळायला लागतो तेव्हा त्याला दम लागतच नाही. मी पहिल्याच आठवड्यात सहा किलोमीटर पळालो आणि वाटलं हे तर सोपंच आहे. छाती तयार होती हो, पण नडग्या तयार नव्हत्या. सायकलमध्ये पाय कधी जमिनीवर आपटतच नाही, त्यामुळे पोटऱ्या, नडगीचे स्नायू, टाचेमागची शीर यांना तो मार माहीतच नसतो आणि त्यांना तयार व्हायला दमापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटभर जागा अशी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. महिनाभर पळणं बंद. तेव्हा सायकलवाल्यांनो, दोन महिने तरी दम शिल्लक ठेवूनच घरी या, दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि फुशारकीने अंतर वाढवू नका.

उन्हाळा हा सोलापूरचा मोठा विषय आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला वर येतो, सव्वासहाला पळणाऱ्याच्या मानेवर चटका बसायला लागतो. सायकलवर निदान अंगाला वारा लागतो, घाम वाळतो, बरं वाटतं. ते दोन महिने पळणं मी कमी करतो आणि अर्धा तास आधी, पावणेपाचलाच निघतो. ज्यांना पहाटे उठणं अजिबात जमत नाही त्यांनी या दोन महिन्यांचा विचार करूनच ठरवावं. हिवाळ्यात उलटं, जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, सव्वापाचला किट्ट काळोख. अंधारात सायकलला खड्डा दिसत नाही, पळणाऱ्याला निदान पायाखाली अंदाज येतो. कुत्र्यांचं दोघांनाही आहे पण माझा अनुभव असा की सायकलमागे ती जास्त लागतात. पळताना मागे लागली की मी थांबून चालायला लागतो, बहुतेक वेळा ती तिथेच सोडून देतात. सायकलवर पायाचा घोटा त्यांच्या तोंडाजवळ असतो आणि थांबायचंही सुचत नाही.

मग आमचा पाण्याचा दिवस. सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांनी येतं आणि वेळ बदलत असते. त्या दिवशी मोटर लावायला घरात माणूस पाहिजे. मी घराभोवतीच्या रस्त्यांवर दोन-सव्वादोन किलोमीटरचा फेरा ठरवून घेतलाय, तीन फेरे मारायचे. दुसऱ्या फेऱ्याला खालच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "आलंय ओ पाणी, मोटर लावा", की जिथे असेन तिथून दहा मिनिटांत घरात. राहिलेला फेरा राहिला तर राहिला. सायकल घेऊन बाहेर पडलो की माणूस नुसत्या फेऱ्या मारत नाही, मन रस्त्याला लागतं, लांब जावंसं वाटतंच, आणि खरं तर सायकलची मजाच त्यात आहे.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे माझं ठरलं. काटा.

विजापूर रोडला सोरेगाव मागे टाकून मी आठ-नऊ किलोमीटर जाऊन परत यायचो. रस्ता छान आहे, पण कडेला वेडी बाभूळ आहे, आणि ट्रकचे टायर फुटून पडलेल्या रबरातल्या बारीक तारा आहेत, त्या डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. दोन वर्षांत किती पंक्चर झाले ते मोजले नाहीत, पण पावसाळा संपून झुडपं तोडायला सुरुवात झाली की महिन्यातून दोन तरी व्हायचेच. त्यातला एक विसरत नाही. मुलीची सहल होती, बस शाळेतून सातला सुटणार, म्हणून त्या दिवशी व्हॅन साडेसहालाच येणार होती. मी सहाला घरी येतो म्हणून सांगून निघालो. पाच-पंचवीसला परत फिरलो आणि दोनच मिनिटांत मागचं चाक बसलं. मोबाईल तोंडात धरून उजेड केला, टायर काढला, ट्यूब काढली, हवा भरून गालाजवळ धरून भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं, ठिगळ बसवलं. टायरच्या आतून बोट फिरवलं तर काट्याचं टोक लागलं, नखाने निघेना, किल्लीच्या टोकाने उकरून काढलं. वीस मिनिटं गेली. बसवलं, हवा भरली, निघालो. किलोमीटरभर आलो आणि परत बसलं. एक काटा काढला होता, त्याच्याच शेजारी दुसरा मोडून आत राहिला होता, तो मला दिसलाच नाही. सोल्युशनची ट्यूब पिळून काढली तरी थेंब निघेना.

घरी फोन केला. बायकोने स्वतःचं आवरायचं सोडून मुलीला व्हॅनमध्ये बसवलं. मी सायकल ढकलत शहराकडे निघालो, पुढे एका दूधवाल्याने टेम्पोत घेतलं. घरी आलो तेव्हा सात वाजून गेले होते. मुलगी सहलीला गेली, छान गेली, काहीच बिघडलं नाही. पण निघताना तिने आजीला विचारलं होतं, पप्पा येणार म्हणले होते ना. ते वाक्य आईने मला सांगितलं आणि माझ्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, जादा ट्यूब ठेव की ओ जवळ. ठेवली ना. जादा ट्यूब असली की हाताला सवय झाल्यावर दहा मिनिटांत काम होतं, ठिगळाच्या भानगडीत रस्त्यावर पडूच नये. टायर आणि ट्यूबच्या मधे लायनरची पट्टीही बसवली, पंक्चर निम्म्यावर आले. पण मनातली धाकधूक काही निम्म्यावर आली नाही. चौथा किलोमीटर संपला की लक्ष रस्त्यावर राहायचं नाही, घड्याळावर जायचं, दर खडखडीला मागच्या चाकाकडे वळून बघायचो. सायकल पळण्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने घरी आणते हे शंभर टक्के खरं आहे, पण ती चालू असेल तर. बंद पडली की आठ किलोमीटर चालायचे आहेत. पळणाऱ्याचं तसं काही बंद पडत नाही, फार तर पोटरी धरते, मग चालत घरी येतो, आणि तो कधी फार लांब गेलेलाच नसतो.

ज्याला पोरांची जबाबदारी नाही किंवा घरी दुसरं माणूस मोकळं आहे त्याला हे कदाचित क्षुल्लक वाटेल, आणि त्याने बिनधास्त सायकल घ्यावी. तसंच ज्याचं ऑफिस सात-आठ किलोमीटरच्या आत आहे त्याने सायकल सोडूच नये, कारण तो वेळ तसाही रस्त्यात जाणारच असतो. माझं ऑफिस सात रस्ता चौकाजवळ आहे, घरापासून पाचेक किलोमीटर, शहरातल्या रस्त्यावर पंक्चर झालं तर दुकान शंभर पावलांवर सापडतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी असते तेवढे दिवस होम मैदानाकडचा रस्ता टाळतो, बाकी वर्षभर काही त्रास नाही. पहाटे पळालेल्या दिवशी ऑफिसला सायकलने गेलं की पाय आखडत नाहीत उलट मोकळे होतात, फक्त गिअर हलका ठेवायचा आणि पाय भरभर फिरवायचे. जड गिअरवर मांड्या भरल्या की दुसऱ्या दिवशीचं पळणं गेलंच म्हणून समजा, आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात तर हे हमखास होतं. म्हणून ज्या संध्याकाळी वाऱ्याशी झुंजून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकतर सुट्टी घेतो नाहीतर गप्पा मारता येतील इतक्या हळू पळतो.

वार मी ठरवून ठेवत नाही, पाण्याचा दिवस सरकत असतो त्यामुळे ठरवून उपयोगही नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त पळायचं नाही आणि आठवड्याला चार झाले पाहिजेत, एवढंच. पोरांना ताप आला, रात्र जागून काढली, तर तीन. दोनवर आलं की मात्र मला चैन पडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सायकल एकदाच महाग, बूट परत परत. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, मग आतला फोम बसतो आणि गुडघा सांगायला लागतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून घ्या. नवीन पळणाऱ्याने सायकलवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा असं मला वाटतं, पण ज्याचं त्याचं.

रविवारी गंमत होते. मुलीला तिची छोटी सायकल हवी असते आणि मला पळायचं असतं. चौथीतलं पोर रमतगमत ज्या वेगाने सायकल मारतं तोच माझा पळायचा वेग आहे, हे मला दोन वर्षं लक्षातच आलं नव्हतं. आता आम्ही दोघं कंबर तलावाकडे जातो, ती सायकलवर आणि मी शेजारी पळत, रस्त्याच्या बाजूला मी आणि आतल्या बाजूला ती. पाण्याची बाटली तिच्या बास्केटमध्ये असते. चढ आला की ती मागे पडते, मी हळू होतो, उतार आला की ती सुसाट पुढे. तिला सांगून ठेवलंय, दोन खांब सोडून तिसऱ्या खांबाला थांबायचं, आणि ती पाय टेकून तिथे थांबलेली असते.